रुंबाला सरकारी आश्रय मिळाला, पण रुंबा उरली कुणाची?

दर्यावर्दी
क्यूबातल्या माणसांच्या रक्तातच नाच असतो, असं कौतुक वाचलं की माझा संताप होतो. रुंबा, म्हणजे ढोल आणि गाण्यावरचा क्यूबाचा नाच, मातान्सास आणि हवानाच्या बंदरांत हमाली करणाऱ्या काळ्या मजुरांनी घडवली. ढोलांवर बंदी आली की ते मालाच्या लाकडी खोक्यांवर ठेका धरत. २०१६ साली तिचं नाव युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत लागलं, आणि आता ती पर्यटकांसाठी ठरल्या वेळी, तिकीट लावून होते. ज्यांची कला, त्यांच्या हातून ती सुटली, असं माझं ठाम मत आहे.

कस्तुरी
साफ असहमत. १९५९ च्या क्रांतीआधी प्रतिष्ठित मंडळी रुंबाला अश्लील म्हणून नाकं मुरडायची. १९६२ मध्ये सरकारचं राष्ट्रीय लोकनृत्य पथक निघालं आणि वस्तीतले जाणते वादक-नर्तक त्यात आले. पोट भरलं म्हणून कला बाटते का?

ग्वाग्वांको, म्हणजे जोडीने नाचायची रुंबा, नीट बघा. पुरुष नाचता नाचता अचानक कंबरेचा किंवा हाताचा झटका टाकतो, त्याला वाकुनाओ म्हणतात. बाई त्याच क्षणी घागरा पुढे ओढून तो अडवते. किंतो नावाचा उंच पट्टीचा ढोल नर्तकाच्या पावलांशी जाबसाल करत असतो. समोर पर्यटक बसले म्हणून ही झटापट खोटी होत नाही. 'मुन्येकितोस दे मातान्सास' हे पथक १९५२ पासून वाजवतंय, आणि त्यात घराण्यातल्या पुढच्या पिढ्या उभ्या आहेत.

नीलमोहर
कस्तुरी, आश्रयाची किंमतही बघा ना. क्यूबाची गाजलेली गायिका सेलिया क्रूस १९६० मध्ये देशाबाहेर पडली. आई गेली तेव्हाही तिला परत येऊ दिलं नाही, आणि क्यूबाच्या रेडिओवरून तिचा आवाज हद्दपार झाला. २०१८ च्या ३४९ क्रमांकाच्या हुकुमाने तर कलाकाराला खासगी जागेत कार्यक्रम करायलाही सरकारी मान्यता सक्तीची केली. पगार देणाराच गप्प बसवणार असेल तर मला तो आश्रय नको.

दर्यावर्दी
हेच म्हणतोय मी! मातान्सासच्या घराण्यांबद्दल मला आदरच आहे, पण मंचावर कोण चढणार हे ती घराणी ठरवत नाहीत.

कस्तुरी
सेलियावर अन्याय झाला, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण मंच म्हणजे अख्खी रुंबा नव्हे. ती अंगणात, गल्लीत, वाढदिवसालाही रंगते. कुणी क्लावेच्या दोन काठ्यांवर पाच ठोके धरतो, दुसरा फळीवर ताल देतो, बाकीचे गाणं उचलतात. तिथे कोण नाचणार हे जमलेली माणसंच ठरवतात.