मदत हवी आहे: अडीअडचणीला हाताशी असावा असा स्वस्तातला दुसरा चेनसॉ कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं आगर आहे. माड, पोफळी, मागच्या अंगाला थोडे हापूस आणि दोन जुने फणस. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बेड्यापासून (आगराच्या फाटकापासून) विहिरीपर्यंत सगळं आडवं झालं होतं. कोयती-कुऱ्हाडीने घरापर्यंतची वाट मोकळी करायला चार दिवस लागले. पुढच्या वर्षी पेट्रोलवरचा एक चांगला चेनसॉ घेतला, १६ इंची पट्टीचा (पट्टी म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती). कामाला चोख आहे.

यंदा मे महिन्यात वाऱ्याने फणसाची मोठी फांदी पडवीवर आली. मशीन काढलं, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण सुरू होईना. दुकानात खोललं तर कार्बोरेटरमधला पातळ पडदा पापडासारखा कडक झालेला. आठ महिने टाकीत पेट्रोल तसंच राहिलं होतं, ती चूक माझीच. पण सुटा भाग येऊन मशीन हातात पडायला १९ दिवस गेले. तोवर फांदी कौलांवर आणि वर ताडपत्री. एका सकाळी बघतो तर ७४ वर्षांचे बाबा करवत घेऊन शिडी चढत होते. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून दुसरं मशीन हवंय. वर्षातून चार-पाच वेळाच लागेल, बजेट आठ हजारांपर्यंत. विजेवरचं स्वस्त मिळतं, पेट्रोलची कटकटही नाही, पण वादळानंतर आमच्याकडे आठ-आठ दिवस लाइट नसते आणि घरच्या इन्व्हर्टरवर ते ओढणार नाही. बॅटरीवरचं छोटं एकहाती मशीन बघितलं, फांद्यांना छान आहे, फणसाच्या बुंध्याला काय पुरणार! बाजारात सगळीकडे दिसणारं ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं मशीन बजेटमध्ये बसतं. पडून राहून ऐनवेळी सुरू होईल का, एवढंच मला कळायला हवं. कोणी वापरलंय का?

प्रतिसाद १
दादा, मी संगमेश्वरकडे बारा वर्षं कटर चालवतो. ५८ सीसीचं घ्या. त्याचा कार्बोरेटर, प्लग, दोरीचा सेट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो, तुमचे १९ दिवस तिथेच वाचतात. मात्र २२ इंची पट्टी नको, १८ इंची लावून घ्या. लांब पट्टीचं टोक कुठेतरी नकळत टेकतं आणि मशीन उसळून तोंडावर येतं. घेताना पुढचा चेन ब्रेक दुकानातच लावून-सोडून बघा. ब्रेक लावल्यावर चेन जागेवर थांबली नाही तर ते मशीन घेऊ नका.

पेट्रोलचं म्हणाल तर हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. दोन्ही मशीनना हे करा. महिन्यातून एकदा पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण घालून पाच मिनिटं चालवा. आणि मिश्रणाचे डबे वेगळे ठेवा. कंपनीच्या मशीनला बहुतेक लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, या स्वस्त मशीनना ४० मिली सांगतात. पुस्तिकेत बघूनच घाला.

प्रतिसाद २
माड कापणार असाल तर जादा चेन आत्ताच घ्या. किनाऱ्यावरच्या माडाच्या सालीत रेती असते, दोन बुंध्यांत धार जाते. भुसा कपच्यांसारखा उडतोय तोवर धार आहे, पिठासारखा पडायला लागला की थांबून कानस मारा. जुन्या मशीनची चेन नव्याला बसेल असं धरून चालू नका. पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दात्याची जाडी) आणि आतल्या दात्यांची संख्या, तिन्ही जुळावी लागतात. पट्टीला वंगण म्हणून जळकं इंजिन ऑइलही घालू नका, विहिरीच्या कडेला तर नकोच.

धागाकर्ता
मनापासून आभार. १८ इंची पट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी खेडला जाऊन ब्रेक बघूनच घेतो, जादा चेन आणि कानसही सोबत. आणखी एक सांगा: फांदी कौलांवर टेकलेली असताना काप वरून द्यायचा की खालून? मागे एकदा पट्टी लाकडात आवळून बसली होती, आणि या वेळी खाली घर आहे.

प्रतिसाद १
दोन्हीकडे टेकलेली असेल तर मधला भाग खाली दबतो आणि वरची बाजू आवळते. आधी वरून एक तृतीयांश काप, मग खालून वर येत पूर्ण करा. पण त्याआधी दोन्ही तुकडे दोराने वरच्या फांदीला बांधून घ्या, आणि शिडीवरून मशीन चालवू नका. परांची बांधा, नाहीतर मला हाक मारा.