मदत हवी आहे: ४ वर्षं साइटवर काढल्यावर स्ट्रक्चरल एम.टेक. करावं का?

सिव्हिल बी.ई. आहे, पुण्यात एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर म्हणून ४ वर्षं झाली. आता इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये (सांगाड्याची मापं, सळया ठरवणं) जायचंय. गेल्या महिन्यात बीम-कॉलमच्या जोडात सळया इतक्या दाट आल्या की काँक्रीट नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जाईना. कन्सल्टंटनी फोनवर पाच मिनिटांत सळयांच्या मांडणीचं डिटेल बदलून दिलं. ते का चाललं, हे मला सांगता येत नव्हतं. मला नेमकं तेच शिकायचंय.

आतापर्यंत ईटॅब्स या इमारत-डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्लास केला, आयएस ४५६ आणि १३९२० ही काँक्रीट आणि भूकंपाला टिकणाऱ्या सळयांच्या रचनेची भारतीय मानकं घरी वाचतेय. पाच डिझाइन ऑफिसांत अर्ज केले. दोघांनी बोलावलं, एकांनी एम.टेक. आहे का विचारून विषय संपवला, दुसऱ्यांनी फ्रेशरचा पगार सांगितला, सध्याच्या निम्मा.

गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) पास आहे. स्कोअर ३ वर्षं चालतो, माझं हे शेवटचं वर्ष. पूर्णवेळ केलं तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळेल, पण घराचा हप्ता १४,००० आहे. साठवलेल्या पैशांत दोन वर्षं ओढता येतील, जेमतेम. पुणे-मुंबई सोडून जाता येणार नाही. परदेश, पीएच.डी. किंवा शिकवणं डोक्यात नाही. नोकरी सांभाळून करायचं तर साइटवरून सुटायलाच रात्रीचे आठ वाजतात.

डिझाइन ऑफिस चालवणाऱ्यांना किंवा साइटवरून तिकडे गेलेल्यांना विचारायचंय: निम्म्या पगारावर आत्ताच शिरून दोन वर्षं हाताखाली काम केलेली मुलगी आणि तीच दोन वर्षं एम.टेक. केलेली मुलगी, यातली कोण तुम्ही स्वतंत्र इमारतीच्या डिझाइनवर आधी बसवाल?