उणे ३२ मध्ये स्नोमोबाईल अर्ध्या वाटेत बसते, कार्ब्युरेटर का करंट?

हडसनवाला
मंडळी, मी कॅनडात नुनावुतमध्ये रँकिन इनलेटला असतो, हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावर. इथे बाहेरून रस्ताच येत नाही, जे काय येतं ते विमानाने नाहीतर उन्हाळ्यात जहाजाने, त्यामुळे शोरूमला न्या वगैरे प्लीज सांगू नका. सेकंडहँड स्नोमोबाईल (बर्फावर पळणारी गाडी) आहे, ५५० सीसी टू स्ट्रोक, फॅन कूल्ड, दोन सिलिंडर दोन कार्ब्युरेटर (कार्ब). दोरी ओढली की लगेच सुरू, आयडलला मस्त, गावात फिरवली तर काही म्हणजे काही नाही. पण बाहेर लांब काढली की दहापंधरा मिनिटांनी कितीही रेस द्या पिकअपच नाही, घुसमटते आणि बंद. जरा थांबलं की परत चालू. अर्धा चोक ओढला तर थोडी बरी पळते. प्लग नवीन टाकलेत, बेल्ट ठीक आहे. शनिवारी ऑफिसातल्या दोघांबरोबर चार मासे धरायला आतल्या तळ्यावर जायचंय, तिकडे रेंज नाही. काय बघू?

गॅरेज_सातारा
कॉइल गेली भाऊ. गरम झाली की करंट सोडते, गार झाली की धरते. आरएक्स १०० ला असं किती वेळा बघितलंय. डोळे झाकून बदला.

टूस्ट्रोक_अण्णा
कॉइल असती तर चोक ओढून फरक पडला नसता. चोकने सुधारते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि थोडा वेळ नीट चालून मग बसते म्हणजे कार्बच्या बाऊलमध्ये, म्हणजे तळाच्या वाटीत, आहे तेवढं संपतंय, मागून भरत नाहीये. आधी फुकटातलं करा. मशीन बसली की त्याच क्षणी टाकीचं झाकण फिरवा, फुस्स करून हवा आत गेली आणि झाकण सैल ठेवून नीट पळाली तर व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा घेणारी, नळी चोंदलीय. या मशीनचा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो, त्यात काही फार जोर नसतो, टाकीत व्हॅक्यूम झाला की तो ओढूच शकत नाही. फुस्स नाही झालं तर क्रँककेसपासून पंपाकडे जाणारी बारीक पल्स नळी वाकवून बघा, थंडीत रबर कडक होऊन टोकाला चिरतं. आणि तोवर चोक ओढून दामटत नेऊ नका, टू स्ट्रोक लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालली की आधी पिस्टन जातो. प्लगचा रंग पण सांगा, दोन्ही बाजूचा.

युकॉनवहिनी
अण्णा बरोबर बोलतायत, पण पेट्रोलमधलं पाणी पण बघा. वाऱ्यात कॅनने भरताना भुगा बर्फ आत जातोच, शिवाय टाकी अर्धी ठेवली की आत दव धरतं. बाऊल सोडून काचेच्या बाटलीत ओता, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. आम्ही टाकीत आयसोप्रोपिल अल्कोहोलवालं गॅसलाईन अँटीफ्रीझ (पेट्रोलमधलं पाणी गोठू न देणारं औषध) टाकतो, दुकानात सहज मिळतं. तुमच्या को-ऑपमध्ये पण असेल.

हडसनवाला
अण्णा दंडवत!! झाकण उघडल्यावर फुस्स झालं. व्हेंटची नळी काढून घरात आणली, टोकाला बोटभर बर्फाचा बूच बसला होता. बाऊलच्या तळाला पण मोहरीएवढे बर्फाचे खडे निघाले, वहिनी तुमचं पण बरोबर. आता तासभर नॉनस्टॉप पळवली, बसली नाही. फक्त प्लग दोन्ही पांढरेफटक आहेत, हे काय?

टूस्ट्रोक_अण्णा
पांढरा प्लग म्हणजे लीन. एकच पांढरा असता तर त्या बाजूचा इनटेकचा रबर बूट किंवा क्रँक सील हवा खातंय म्हटलं असतं. दोन्ही सारखे पांढरे म्हणजे जेटिंग, कार्बमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा जो भोकाचा जेट असतो त्याचं माप चुकलंय. आधीच्या मालकाने कुठे चालवली होती?

हडसनवाला
अल्बर्टात, रॉकीजमध्ये. डोंगरातच.

टूस्ट्रोक_अण्णा
मग झालं की. डोंगरावर हवा विरळ म्हणून त्याने बारीक मेन जेट टाकले असणार. तुम्ही समुद्रसपाटीला, त्यात उणे तीस, हवा एकदम दाट, तेवढ्या हवेला ते पेट्रोल पुरत नाही. जेटवर नंबर कोरलेला असतो, तो तुमच्या मॉडेलच्या चार्टशी ताडून बघा, बऱ्याच मशीनला हूडखाली स्टिकर असतो. उंची आणि तापमान दोन्हीप्रमाणे मोठा जेट मागवा, दोन्ही कार्बला. तोपर्यंत कार्बमधल्या नीडलची, म्हणजे सुईची, क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. पण फुल थ्रॉटलला त्याचा उपयोग नाही, तिथे मेन जेटचंच राज्य, तेव्हा अर्ध्याच्या वर धरून ठेवायचं नाही.

युकॉनवहिनी
आणि शनिवारी निदान दुसरी मशीन बरोबर असेल तरच जा. सॅटेलाईट मेसेंजर खिशात, मशीनवर नाही, मशीन गोठली की तो पण गोठतो. जास्तीचे प्लग आणि बेल्ट अंगावरच्या जॅकेटमध्ये ठेवा, गोठलेला बेल्ट चढवताना बोटं जातात.

हडसनवाला
दोन मशीन आहेत बरोबर, माझी मागे ठेवतो, पुढचा रेस देईल तेवढीच मी देणार. क्लिप आज रात्री करतो, जेट विमानाने येतायत.

गॅरेज_सातारा
तरी एक कॉइल ठेवाच हो सोबत 😄