आधी पुढचं पॅनल काढून बघा
कॉम्प्युटरचं पुढे काच असलेलं कॅबिनेट गेम लावला की तापतं, पंखे घोंगावतात, म्हणून सहा पंख्यांचं नवं घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. आधी एक फुकटातला प्रयोग करा. पुढचं पॅनल काढून ठेवा, तोच गेम अर्धा तास चालवा आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान बघा. माझ्याकडे ८३ वरून ७४ अंशांवर आलं होतं. पंखे कमी नव्हतेच, हवेला आत यायला वाट नव्हती. तुमच्याकडे दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेटवर पैसे घालू नका. कार्डच्या कूलरमधली (चिप थंड ठेवणाऱ्या भागातली) धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप, बघा.

घ्यायचंच ठरलं तर पुढे जाळी असलेलं घ्या. जाळीतून आवाज जास्त बाहेर येतो हे खरं, पण पंखे हळू फिरले तर मुळात आवाजच कमी. १४० मिमीचा पंखा १२० वाल्याइतकी हवा कमी फेऱ्यांत ढकलतो. पुढून दोन आत, मागून एक बाहेर, एवढं बहुतेकांना पुरतं. बाहेर जाणाऱ्यापेक्षा आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून शिरण्याऐवजी फिल्टरवर अडकते. (फिल्टर धुवायचा असतो, हे मला दोन वर्षांनी कळलं!)

पंखे चार पिनांचे घ्या, म्हणजे मदरबोर्डला त्यांचा वेग कमी-जास्त करता येतो, आणि तापमान क्षणभर चढलं तरी वेग लगेच वाढणार नाही असं बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) लावून ठेवा. एकसुरी घरघर कान विसरतो, सारखा वर-खाली होणारा आवाज नाही विसरत. आणि हो, ऑर्डर करण्याआधी कार्डची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची मोजा, नव्या कॅबिनेटमध्ये मावायला हवीत.