शब्दचर्चा : ‘थिऑडिसी’ आणि ‘ईव्हिल’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ख्रिस्ती तत्त्वज्ञानावरील एका लेखाचा अनुवाद करताना मी पहिल्याच परिच्छेदात अडकलो आहे. देव सर्वशक्तिमान आहे आणि सर्वस्वी चांगलाही आहे, तर मग त्याच्या जगात ‘ईव्हिल’, म्हणजे वाईट आणि दुःख, का, हा त्या लेखाचा विषय. या शब्दासाठी मी ‘पाप’ आणि ‘अशुभ’ हे दोन्ही शब्द लिहून खोडले. ‘थिऑडिसी’, म्हणजे या प्रश्नाला देवाच्या बाजूने दिलेले उत्तर, यासाठी ‘दैवन्याय’ योजला आहे, पण तो मलाच पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

‘दैवन्याय’ तर मुळीच नको. मराठीत दैव म्हणजे नशीब, आणि नशिबाकडे कोणी जाब मागत नाही. ‘थिऑडिसी’ हा शब्द जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्सने 1710 साली प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच ग्रंथामुळे रूढ झाला. त्यात देव आणि न्याय या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडलेले आहेत. ‘दैव’ काढून ‘देवन्याय’ केले तरी वाचकाला ‘देवाने केलेला न्याय’ असेच वाटेल, आणि इथे तर देवच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. म्हणून मी ‘ईश्वरसमर्थन’ सुचवतो.

याच ठिकाणी दुसरा एक शब्दही ठरवून ठेवावा. दुःख आणि देव यांचे एकत्र असणे तर्कालाच धरून नाही, असे तत्त्वज्ञ मॅकी यांनी 1955 साली मांडले. त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लँटिंगा यांनी 1974च्या पुस्तकात जे उत्तर दिले त्याला ते थिऑडिसी म्हणत नाहीत. देव दुःख का होऊ देतो हे आपण सांगत नसून, माणसाला खरे स्वातंत्र्य द्यायचे असेल तर त्याच्या हातून वाईट घडणे टाळता न येणे शक्य आहे, एवढेच आपण दाखवतो, अशी त्यांची भूमिका आहे. याला ‘बचाव’ हा कोर्टातला शब्द चपखल बसतो, कारण बचाव पक्षाला खरा प्रकार काय घडला हे सांगावे लागत नाही. आरोप टिकत नाही एवढे दाखवले की त्याचे काम झाले. अनुवादात ‘समर्थन’ आणि ‘बचाव’ यांची सरमिसळ झाली, तर लेखाचा अर्धा युक्तिवाद हरवेल.

प्रतिसाद २

‘पाप’ खोडलेत ते बरे केलेत. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालमधील लिस्बनला भूकंप झाला तेव्हा चर्चमध्ये उपासनेला माणसे जमलेली होती. भूकंपामागून समुद्राच्या लाटा आल्या आणि आगी लागल्या. ही पापाची शिक्षा आहे, असे तेव्हा काही धर्मोपदेशक सांगत होते, आणि नेमके तेच फ्रेंच लेखक व्हॉल्तेरसारख्यांना मान्य नव्हते. अनुवादकाने तिथे ‘पाप’ लिहिले, तर वाद सुरू होण्याआधीच एका बाजूचा निकाल लागतो. ‘अशुभ’ म्हटले की मांजर आडवे जाणे आठवते. माणसाचे दुष्कृत्य आणि निसर्गाचा घाला या दोहोंना पेलणारा शब्द ‘अनिष्ट’ हाच आहे, मग ‘नैतिक अनिष्ट’ आणि ‘नैसर्गिक अनिष्ट’ असे भेद करता येतात.

‘दुरित’ हा शब्द मात्र प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनच्या मतासाठी राखून ठेवावासा वाटतो. ‘दुरिताचें तिमिर जावो’ या चरणात दुरिताला अंधार म्हटले आहे, आणि अंधार म्हणजे प्रकाश नसणे. ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होता, जिथे अंधार ही प्रकाशाशी लढणारी स्वतंत्र शक्ती मानली जाई. पुढे ते सोडून त्याने म्हटले की वाईटाला स्वतःचे अस्तित्वच नाही, ते चांगल्याचे उणेपण आहे. त्याचा दाखला जखमेचा आहे : जखम भरून आली की ती अंगातून उठून दुसरीकडे राहायला जात नाही, ती उरतच नाही.

इथे ‘अभाव’ लिहिण्याचा मोह होईल, तो आवरावा. एक तर वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या परंपरेत अभाव हा स्वतःच एक ‘पदार्थ’, म्हणजे जे आहे त्याचाच एक प्रकार, ठरला आहे. शिवाय दगडाला दृष्टी नसणे हाही अभावच, पण त्यात अनिष्ट काही नाही. जे असायला हवे ते नसणे, हे माणसाच्या आंधळेपणात आहे. त्यासाठी आपला साधा ‘उणीव’ शब्द अचूक आहे.

प्रतिसाद ३

आपल्याकडे हा आक्षेप ब्रह्मसूत्रांत ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’, म्हणजे देवाचा पक्षपात आणि निर्दयपणा, या नावांनी आलेला आहे. तयार शब्द असताना नवे कशाला घडवायचे?

प्रतिसाद ४

आक्षेपाचे नाव म्हणून ते सुंदर आहे, पण त्या सूत्राचे उत्तर जीवांच्या कर्मावर उभे आहे आणि ख्रिस्ती मतात पूर्वजन्म नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. म्हणून ‘भोग’ आणि ‘प्रारब्ध’ हेही या लेखात नकोत. ते आले की शिष्यांचाच प्रश्न मागच्या दाराने परत येतो. शिवाय आजच्या मराठीत ‘मला वैषम्य वाटले’ म्हणजे मनाला लागले, एवढेच उरले आहे.

मराठी ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा शब्द हवा असेल तर ‘दुःखसहन’ आहे. ख्रिस्ताच्या क्रुसावरील यातनांना ते हाच शब्द वापरतात. देव दुःखाचे कारण सांगत बसत नाही, तो स्वतः ते सोसतो, या उत्तराला याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

‘अनिष्ट’, ‘ईश्वरसमर्थन’, ‘बचाव’ आणि ‘उणीव’ स्वीकारले. आता एकच गाठ उरली. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्माचार्य आयरेनियसचा धागा उचलून तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी 1966 साली मांडले की हे जग सुखाचे घर नसून ‘सोल-मेकिंग’ची जागा आहे. ‘आत्म्याची घडण’ असे लिहिले आहे. चालेल का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

नाही चालणार. गीता ऐकलेल्या मराठी वाचकाच्या लेखी आत्मा अविकारी आहे, तो घडेल कसा? ‘जीवाची’ लिहावे. आणि ‘घडण’ म्हटले की ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपसूक कानात वाजते. ती हिक यांच्या बाजूची वाटते खरी, पण घावाने जो दगड दुभंगला त्याचे काय, हा त्यांच्यावरचा आक्षेपही तिच्याच पोटात आहे. आयरेनियसच्या लेखी पहिला माणूस लहान मुलासारखा अपक्व होता आणि त्याला हळूहळू पूर्णतेला जायचे होते. तेव्हा त्याचे मत येईल तिथे ‘जीवाची वाढ’ लिहा, आणि हिक यांच्यासाठी ‘जीवाची घडण’ ठेवा, म्हणजे दुभंगलेल्या दगडाचा प्रश्न ज्यांना उद्देशून आहे त्यांच्याकडेच जाईल.