१९७१ आणि १९८७ एका मापानं मोजू नका

शेजारी देशात जुलूम चालला असेल तर १९७१ ला बांगलादेशात पाठवली तशी फौज पाठवलीच पाहिजे, असं वर एका दादांनी लिहिलंय. ७१ बद्दल माझा वाद नाही. कोटभर निर्वासित आपल्या दारात आले होते, आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परतलीही.

पण श्रीलंकेचं काय? तिथे तर १९८७ साली रीतसर करार करून गेलो. तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करायला गेलेली शांतिसेना तीन महिन्यांच्या आत त्यांच्याशीच लढू लागली. १९९० ला परतली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

माझे मोठे वडील, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, या शांतिसेनेत श्रीलंकेतल्या जाफन्यात होते. आमच्या चामोर्शीकडे धानाची रोवणी लागली की आजही बांधीत उतरतात, पण पाय टाकण्याआधी काठीनं चिखल चाचपतात. सुरुंगांची धास्ती, पस्तीस वर्षांनीही गेली नाही. "एका घरातून पाणी भेटे, बाजूच्या घरातून गोळी ये. कोणाले वाचवाले गेलो होतो, तेच समजे ना," म्हणतात.

फौज पाठवायचीच असेल तर आधी संसदेत चर्चा करा, आणि परत कधी, कोणत्या अटीवर आणणार ते तिथेच सांगा. एवढं तरी जवानांच्या घरच्यांना कळायला हवं.