जिल्ह्याला रेड अलर्ट, नौपाड्यात ऊन: खातं चुकलं की आपण?

तलावपाळी_टाइमपास
काल परत तेच. ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि दुपारी इथे ठाणे शहरात, नौपाड्याच्या गोखले रोडवर लोक गॉगल लावून फिरतायत. संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर हवामान खात्यावरचे तेच ते जोक, खात्याने ऊन सांगितलं की छत्री घ्या आणि पाऊस सांगितला की कपडे वाळत घाला, हा तर मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, फक्त आता त्याला स्टिकर आलेत. या जोक्सचा वैताग आला म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं एवढंच की अलर्ट जिल्ह्याचा असतो आणि आपण तो आपल्या गल्लीचा समजून वाचतो. ठाणे जिल्हा म्हणजे तलावपाळी ते माजिवडा नव्हे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला तरी अजून शहापूर आहे, मुरबाड आहे, म्हणजे इकडे खाडी आणि तिकडे पार माळशेजचा घाट. काल मुरबाडला मावसभावाच्या गावाकडे रस्त्यावरच्या मोरीवरून पाणी जात होतं, एसटी अलीकडेच थांबली. मग अलर्ट खोटा कसा? आपल्या बाल्कनीत पडला नाही म्हणजे पडलाच नाही असं थोडंच आहे.

आणि बातम्यावाले तर विचारूच नका. लाल पट्टी, खाली सायरनचा आवाज, आणि व्हिडिओ बघावा तर मागच्या वर्षीचा, वंदना टॉकीजसमोरच्या गुडघाभर पाण्याचा. हल्ली तर मी व्हिडिओतल्या होर्डिंगवरून साल ओळखतो.

घोडबंदर_ग्रस्त
साफ असहमत. मुरबाडला पडला हे बरोबरच असेल हो, पण त्याचा मला मानपाड्यात बसून काय उपयोग? सुट्टी मुरबाडपुरती दिली होती का? पूर्ण जिल्ह्याला दिली. आम्ही दोघं नोकरीवाले, सकाळी पावणेसहाला शाळेचा मेसेज येतो, तोपर्यंत डबा झालेला असतो, मग आजीला फोन कर, शेजारणीला विचार, शेवटी एकाने रजा टाकायची. आणि ऑफिसला सुट्टी नसतेच, रेड अलर्ट फक्त पोरांना लागू होतो बहुतेक, मोठी माणसं वॉटरप्रूफ असतात. माझं म्हणणं, जिल्हा एवढा मोठा आहे हे तुम्हीच सांगताय ना, मग अलर्ट तालुक्याचा द्या की. नाहीतर जोक होणारच.

रडार_बघ्या
@घोडबंदर_ग्रस्त तालुक्याचा द्या हे बोलायला सोपंय. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७५ च्याही आत. एकाच शहरात. ढग कुठे अडकून बसणार हे आदल्या दिवशी तालुक्याच्या हिशोबाने सांगणं अजूनही अवघड आहे. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम हे अंदाज बांधायचं नवीन मॉडेल आलं, ते ६ किलोमीटरच्या चौकोनात हिशोब करते, आधीपेक्षा खूप बारीक, पण ६ किमी म्हणजे सुद्धा नौपाडा ते कापूरबावडी एकाच चौकोनात बसतील.

दुसरं म्हणजे कुणी लक्षात घेत नाही, खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. आजचा इशारा उद्या सकाळी साडेआठपर्यंत. तुम्ही दुपारी तीनला ऊन बघून जोक टाकता आणि पहाटे चारला तो धो धो कोसळतो तेव्हा तुम्ही झोपलेले असता, सकाळी उठून म्हणता आज तर अलर्ट नव्हता मग रूळ पाण्याखाली कसे. आणि रेड म्हणजे ढोबळमानाने २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर, म्हणजे खरोखर झाला तर आपली गटारं कुठल्याच अर्थाने पुरणार नाहीत.

ज्याला आपल्या एरियाचं बघायचंय त्याने नाऊकास्ट बघावा, पुढच्या तीन तासांचा असतो, आणि रडारची चित्रं खात्याच्या साइटवर फुकट आहेत. तेवढं बघायला कुणाला वेळ नसतो पण 'महाभयंकर ढगफुटी' लिहिलेला यूट्यूबचा व्हिडिओ पूर्ण बघतात.

घोडबंदर_ग्रस्त
नाऊकास्ट तीन तासांचा, शाळा सात तासांची. सोडा.

खारघरवाली
तुमचं ठाण्याचं तरी एक कलेक्टर एक सुट्टी आहे. आमची गंमत ऐका. घर खारघरला, म्हणजे रायगड जिल्हा, आणि मुलीची शाळा बेलापूरला, म्हणजे ठाणे जिल्हा. मध्ये एक स्टेशनसुद्धा नाही. रायगडला रेड आणि ठाण्याला ऑरेंज असलं की बिल्डिंगमधली अर्धी पोरं खाली चिखलात फुटबॉल खेळतात आणि माझी रेनकोट घालून रडत रिक्षात बसते. ढगाला काय माहीत जिल्ह्याची हद्द कुठून जाते? तरी मी धाग्याच्या बाजूने आहे. दिली सुट्टी तर दिली, एक दिवस वाया गेला तर काय आभाळ कोसळत नाही.

उलट मला राग याचा येतो की पावसाला एवढा गाजावाजा आणि उन्हाला काहीच नाही. इथेच खारघरला १६ एप्रिल २०२३ ला भर दुपारी उघड्यावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली. किनाऱ्याकडे ३७-३८ आकडा बघून कुणी घाबरत नाही, विदर्भातले लोक तर हसतात, पण इथे घाम वाळतच नाही त्याचं काय.

कोपरखैरणे_कट्टा
सगळे मिलिमीटरवर भांडताय, भरतीचं कुणी बोलत नाहीये. नवी मुंबई खाडीलगत भराव घालून उभी केलेली आहे, बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली. म्हणून तर सिडकोने होल्डिंग पाँड केले, भरती आली की दारं बंद, पावसाचं पाणी तळ्यात साठणार, ओहोटीला खाडीत जाणार. आता त्यात गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय, त्यामुळे गाळ काढायचं म्हटलं तरी परवानग्यांचं लफडं. मग १०० मिमी भरतीच्या वेळी पडला तर पाणी तुंबतं आणि १५० ओहोटीला पडला तर कळतही नाही. पिवळा, केशरी, लाल यातून हे मला समजतं का? नाही. मी तर आधी भरतीची वेळ बघतो, साडेचार मीटरच्या वर आकडा दिसला की गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लावतो. सोसायटीत आधी हसायचे, आता जागेवरून भांडणं होतात.

तलावपाळी_टाइमपास
@कोपरखैरणे_कट्टा हा मुद्दा भारी आहे, भरती आणि पाऊस एकत्र करून वॉर्डाला इशारा द्यायला हवा, पण ते काम महापालिकेचं आहे ना? खातं सांगणार आकाशातून किती पडेल, तो गटारातून जाणार की नाही हे खात्याला कसं माहीत असेल. आपण सगळा राग खात्यावर काढतो कारण त्याच्यावर जोक तयार आहेत. गटारावर जोक नाहीत.

घोडबंदर_ग्रस्त
ही पळवाट झाली. जिल्हा खात्याचा, सुट्टी कलेक्टरची, गटार पालिकेचं, आणि रजा माझी. मला कोणाचं काय ते नको, मला रात्री दहापर्यंत सांगा उद्या शाळा आहे की नाही. दहानंतर निर्णय बदलायचा नाही.

रडार_बघ्या
आणि रात्री एकला चित्र बदललं तर? २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजाराच्या वर माणसं होती गाडीत, सगळी सुखरूप काढली पण नेव्ही आणि एनडीआरएफ बोलवावी लागली. तेही एका रात्रीत वाढलेलं पाणी. रात्री दहाचा नियम तिथे काय करणार होता?

घोडबंदर_ग्रस्त
दर वेळी तेच, २००५ आणि २०१९. मी मंगळवारच्या रिमझिमबद्दल बोलतोय.

सीवूड्स_चहाबाज
भांडा भांडा. तोपर्यंत हे बघा, आत्ताच पालकांच्या ग्रुपवर कलेक्टरचं पत्र आलंय, उद्या सुट्टी. सहीशिक्क्यासकट आहे.

खारघरवाली
झूम करून बघा. त्यावर शुक्रवार लिहिलंय, उद्या बुधवार आहे.

घोडबंदर_ग्रस्त
आमच्या शाळेच्या ग्रुपवर एव्हाना बेचाळीस जणांनी हात जोडलेत त्याला. मी आजीला नको येऊ म्हणून सांगितलं होतं, आता परत फोन करतो.